कोटीतला एक करगा

ज्यांनी दवनीवाडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांनी पाहिला आहे त्यांना माझीही बाजू कळावी, हाही एक हेतू आहेच. कारण तिकडे सध्या आमच्या या प्रवासाची जी हकिकत पारावर सांगितली जाते, तीत मी फारसा शोभून दिसत नाही असं ऐकतो.

मी नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. म्हणजे जिथे कधी गेलो नाही त्या ठिकाणांबद्दल तासभर ठामपणे बोलतो. जन्म साताऱ्याकडचा, नोकरी नागपूरची आणि सासुरवाडी गोंदियाजवळच्या दवनीवाड्याची. दिवाळी नुकतीच उलटली होती. आमचं राज्यही नुकतंच बदललं होतं. आम्ही मध्य प्रदेशात झोपलो आणि कूस न बदलता मुंबई राज्यात उठलो. शाळेतले सगळे नकाशे चुकीचे ठरले आणि नवे येईपर्यंत मला काही शिकवता येईना. तेव्हा बायको म्हणाली, चला माहेरी.

खरं कारण वेगळं होतं. खरं कारण तिचा धाकटा भाऊ माधव.

माधव वीज-इंजिनिअरिंगचा प्रोफेसर. कॉलेजात मुलांना डायनॅमो आणि मोटारी शिकवायचा. मग दोन वर्षं विलायतेला गेला आणि तिथे त्याला जर्मेनियम नावाच्या करड्या खड्याचं वेड लागलं. परत आल्यावर त्याने प्राचार्यांकडे प्रयोगासाठी एक खोली मागितली. प्राचार्यांनी विचारलं, तुमचं हे यंत्र किती हॉर्सपॉवरचं? हा म्हणाला, मुंगीपॉवरचंसुद्धा नाही. खोली मिळाली नाही.

आता दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलं होतं. या आणि आमच्याकडे हे खडे तयार करा, आठवड्याभरात होकार कळवा. इकडे त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गोंदियाच्या वीजघरात त्याच्यासाठी परस्पर शब्द टाकून ठेवला होता. पोरगा विजेचा इंजिनिअर झाला तो गावात वीज आणायला, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

"बाबा नाही म्हणाले तर मी जाणार नाही, भाऊजी," माधव गाडीत मला म्हणाला. "आजपर्यंत त्यांना कशालाच नाही म्हटलेलं नाही."

"मग त्यांना पटवायचं कसं?"

त्याने खिशातून काड्यापेटी काढली. आत कापूस आणि कापसात एक काळी वस्तू. लवंगेपेक्षा जराशी गलेलठ्ठ काचेची कुपी, वर काळा रंग, खाली तीन बारीक तारा. "हा ट्रान्झिस्टर. विलायतेहून हा एकच आणलाय. याच्यावर चालणारा छोटा रेडिओ मी पाटावर बसवलाय. एका टॉर्चच्या सेलवर बाबांना नागपूर ऐकवतो. एकदा कानाने ऐकलं की पटेल."

मग त्याने ती काड्यापेटी माझ्याकडे दिली. "तुम्ही ठेवा. माझ्याकडून हरवेल."

यात विनय काही नव्हता. या गृहस्थाने आजवर सात छत्र्या हरवल्या आहेत आणि एका लग्नाला जाऊन तो नवऱ्या मुलाच्या वहाणा घालून परत आला आहे. त्या मानाने मी भरवशाचा माणूस. निदान त्या गाडीत बसेपर्यंत होतो.

गोंदिया स्टेशन

गोंदियाच्या फलाटावर उतरलं की दोन गोष्टी घडतात. नाकात विडीच्या तंबाखूचा वास शिरतो आणि माझ्या बायकोची भाषा बदलते. नागपूरला 'चहा ठेवू का' म्हणणारी सुमन फलाटावर पाय टेकताच म्हणाली, "चाय पेता का जी?" मी चहावाल्याला अस्सल सातारी थाटात म्हणालो, "एक फक्कड चहा द्या पाव्हणं." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सुमनकडे पाहिलं. "भाभीजी, साहब क्या बोल रहे हैं?"

"चाय बोल रहे हैं भैया. शक्कर कम देना."

साखर कमी हा तिचा निर्णय. मला विचारलेलं नव्हतं.

बाहेर बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन डोमाकाका उभे होते. डोमाकाका म्हणजे सासऱ्यांचे शेजारी आणि जन्माचे मित्र. त्यांनी आमच्या ट्रंका चढवल्या, बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि गाव ओलांडायच्या आतच माधवला मुद्द्याचं विचारलं.

"माधोबापू, खांब कवा येऊन राहिले?"

"कसले खांब, काका?"

"इजेचे. तुहा बाप तं म्हनते, पोरगा आला का खांब आला. मी आंगणातली जागा सोडून ठेवली."

माधवने माझ्याकडे पाहिलं. मी भूगोलाकडे, म्हणजे आजूबाजूला पाहू लागलो.

पाहण्यासारखं होतंही. आमच्याकडे शेताला उतार आणि माणसाला ताठा. इकडे शेतं पाटासारखी सपाट, प्रत्येक बांधीला, म्हणजे भातखाचराला, हातभर उंच बांध, त्यांना धुरे म्हणतात, आणि माणसं त्या धुऱ्यांवरून सर्कशीतल्यासारखी डोक्यावर भारे घेऊन चालतात. धान कापून झालं होतं. जागोजागी भाऱ्यांचे पुंजणे रचलेले, लांबून गवताच्या झोपड्याच वाटाव्या असे. कापलेल्या बांध्यांतून लाखोळीची पोपटी पालवी वर आलेली. मध्येच एखादं तळं, त्यात बगळे, काठावर मोहाची झाडं.

हे सगळं मी बंडीच्या तळाशी आपटत, हेलकावत पाहिलं. तिसऱ्या खाचेला माझी टोपी गेली. पाचव्या खाचेला मला काड्यापेटीची आठवण झाली. ती सदऱ्याच्या खिशात होती आणि माझ्यावर सुमन दर दोन मिनिटांनी आदळत होती. एकुलता एक ट्रान्झिस्टर. मी घाबरलो आणि आयुष्यातला सर्वांत जबाबदार निर्णय घेतला. माझा पितळी पानाचा डबा काढला. चुना, कात, सुपारी, बडीशेप आणि लवंग, असे पाच खण, वर घट्ट झाकण. वीस वर्षांत त्या डब्यातून काही सांडलेलं नाही. माधवच्या त्या तीन तारा धक्क्यांनी वाकू नयेत म्हणून मी त्या एकमेकींत पिळून एक केल्या, कापूस गुंडाळला आणि ऐवज लवंगेच्या खणात ठेवला.

याहून सुरक्षित जागा मला तेव्हा सुचली नाही. आताही सुचत नाही, पण ते बोलायची सोय राहिलेली नाही.

दवनीवाडा, पहिली संध्याकाळ

जावई दारात आला की पाय धुवायला पाणी आमच्याकडेही देतात. पण इथे सासूबाई स्वतः तांब्या घेऊन उभ्या राहतात आणि जावयाने संकोचाने पाय मागे घेतला की तो धरून पुढे ओढतात. सासूबाईंना इकडे आत्याबाई म्हणायचं, सासऱ्यांना मामाजी. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी 'मामा' म्हणत असे आणि माझे खरे मामा साताऱ्याहून रुसवा कळवत.

जेवायला आयते, म्हणजे तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी. लाखोळीची डाळ, कोहळ्याचे बोंड, म्हणजे गोड भजी, आणि चिन्नोरचा भात. त्या भाताचा वास असा, की मी आत ताटावर बसलो होतो तरी बाहेर ओसरीवरच्या डोमाकाकांनी आतला तांदूळ कोणता ते ओळखलं. तिसऱ्या वाढपाला मी भीत भीत भाकरीची चौकशी केली.

"भाकर?" आत्याबाईंनी मामाजींकडे पाहिलं. "अजी, जवाईबापूले बरं नाही का?"

मामाजी सत्तरीला टेकलेले. उंच, वाळके, सागाच्या ओंडक्यासारखे. बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्या दिवसांत आणखीच तुटक, कारण डावीकडची एक दाढ दोन महिने हलत होती आणि गोंदियाच्या डॉक्टराकडे जायला ते तयार नव्हते. "माही दाढ आहे. तिले जायचं तवा जाईल." अख्खं घर त्या दाढेपुढे हात टेकून बसलं होतं.

जेवण झाल्यावर माधवने हळूच विषय काढला. संस्थेचं पत्र, जर्मेनियम, ट्रान्झिस्टर.

"त्यानं दिवा लागते का?" मामाजींनी विचारलं.

"नाही बाबा."

"पंप चालते?"

"नाही. त्याला वीज लागतच नाही म्हटलं तरी चालेल."

मामाजी माझ्याकडे वळले. "पाहा जवाईबापू. मी याले शिकवलं का गावात ईज आन. हा दोन वर्सं विलायतेत राहून काय शिकून आला, तं ईज नाही लागली पाहिजे. ईज तं इथं आधीच नाही. हे शिकाले इतक्या दूर कायले गेला?"

मला हसू आलं. सुमनने माझ्या पायाला चिमटा काढला. माधव मात्र हसला नाही.

"उद्या चार वाजता खळ्यावर दाखवतो, बाबा. ऐकून मग सांगा."

"दाखव. नाही पटलं तं परवा गोंदियाले वीजघरात जाजो."

"जाईन," माधव म्हणाला. एवढंच.

रात्री आत्याबाईंनी मला बाजूला घेतलं. "पोट्टं वीजघरात जाईल, जवाईबापू, बापाचा शब्द मोडनार नाही. पन मंग ते हसनार नाही. तुम्ही काही करा." मी त्यांना सांगितलं, काळजी करू नका, सगळं माझ्या डब्यात सुरक्षित आहे.

दुसरा दिवस, जेवणानंतर

सकाळपासून माधव खळ्यावर. आंब्यापासून पुंजण्यापर्यंत तार ताणली. पाटावरचं यंत्र मांडलं, ट्रान्झिस्टर तेवढा ऐन वेळी बसवायचा ठेवला. डोमाकाकांनी गावात बातमी पोचवली होती, की प्रोफेसर चार वाजता हवेतून नागपूर उतरवणार आहे.

आता या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. दुपारच्या जेवणानंतर जावयाने आपल्या हाताने विडा लावून सासऱ्याला द्यायचा. सासऱ्याने तो तोंडात घातला की पुरा खायचा. मध्येच थुंकला तर जावयाला घराबाहेर काढल्यासारखं. आमच्या साताऱ्यात जावई सासऱ्यासमोर पान खात नाही. इथे न खाऊन सुटका नाही.

तर दुपारी ओसरीवर मामाजी, डोमाकाका, माधव आणि दाराआड आत्याबाई नि सुमन. मी मध्ये डबा उघडून बसलो. कोणीतरी विचारलं, नव्या राज्यात मुंबई किती कोस? बस. माणसं समोर, प्रश्न भूगोलाचा आणि उत्तर द्यायला मी. मी घाटापासून सुरुवात केली. बोलता बोलता पान पुसलं, चुना लावला, कात लावला, सुपारी घातली, घडी घातली आणि लवंगेच्या खणात बोटं घालून विड्याला लवंग टोचली. डब्याकडे बघायची गरज नव्हती. खरं म्हणजे उपयोगही नव्हता. गेली तीन वर्षं मला जवळचं दिसत नाही, आणि सुमनच्या मते चष्मा न घेण्याचं कारण डोळे नसून आरसा आहे.

विडा कसा पक्का बसला. एवढा पक्का विडा मी जन्मात लावला नव्हता.

मामाजींनी तो घेतला, उजवीकडून डावीकडे फिरवला आणि दाबला.

कट्.

मी खंडाळ्याच्या घाटात होतो. तिथेच थांबलो.

मामाजींचा चेहरा हलला नाही. ओठ घट्ट मिटलेले. थोड्या वेळाने ते दातांच्या फटीतून म्हणाले, "लवंग जराशी कडक आहे."

मी डब्यात पाहिलं. लवंगा होत्या. कापूसही होता. कापसाच्या आत काही नव्हतं.

"मामाजी," मी म्हणालो, "थुंका."

त्यांनी मान हलवली.

"थुंका हो. काच आहे."

"जवायाचा विडा थुकू?" बंद तोंडाने जितकं रागावता येतं तितकं ते रागावले होते.

"भाऊजी," माधवचा आवाज एकदम पातळ झाला होता, "माझी काड्यापेटी कुठे आहे?"

"काड्यापेटी खिशात आहे," मी म्हणालो. हे खरं होतं. या प्रसंगात मी बोललेलं तेवढंच एक वाक्य मला आजही जसंच्या तसं पुन्हा म्हणता येईल.

शेवटी आत्याबाई दाराआडून बाहेर आल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदा सर्वांसमोर नवऱ्यावर ओरडल्या. "थुका मनलं तं थुका जी." त्यांनी पिकदाणी तोंडासमोर धरली. मामाजींनी एकदा माझ्याकडे क्षमा मागितल्यासारखं पाहिलं आणि थुंकले. पिकदाणीत आधी काहीतरी टणकन वाजलं. ती दाढ होती.

मामाजींनी जीभ आत फिरवून पाहिली. दोन महिन्यांत त्यांचं तोंड पहिल्यांदा सरळ झालं. ट्रान्झिस्टरने गोंदिया तालुक्यात केलेलं हे पहिलं काम.

गुळण्या झाल्या. काच तोंडात राहिली नाही याची आत्याबाईंनी उजेडात तोंड उघडायला लावून खात्री केली. माधव मात्र ओसरीच्या कडेला पिकदाणीपाशी उकिडवा बसून राहिला होता. कुपीचे दोन तुकडे झाले होते, तारा वाकल्या होत्या. मला त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"उद्या गोंदियाला जाऊ, बाबा," तो म्हणाला. "वीजघरात."

"थांब," मामाजी म्हणाले. "मी काय चावलं ते तं दाखव."

"आता काय दाखवू? एवढासा कण असतो आत. या चिखलात मिळायचा नाही."

आत्याबाईंनी पिकदाणी धुतली, गाळ पितळी परातीत पसरला, सूप उजेडाकडे तिरकं धरावं तशी परात तिरकी धरली आणि पन्नास वर्षं तांदळातले खडे काढणाऱ्या बोटाने एक कण वेगळा केला. "हे का रे? चमकून राहिलं ते?"

तोच होता. चांदीसारखा करडा, तांदळाच्या कणीहून लहान.

मामाजींनी तो तळहातावर घेतला. "एवढ्या कणीसाठी विलायत?"

"कणी मोठी नाही, बाबा. पण शुद्ध आहे. म्हणजे..." माधव अडला. मग त्याचं लक्ष समोर खळ्यावरच्या पुंजण्याकडे गेलं. "बाबा, बांधीत करगा किती निघतो?"

करगा म्हणजे जंगली धान. पेरलेल्या धानात आपसूक उगवतो, दिसायला अगदी धानासारखा, ओंबी येईपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही. मामाजी ओळखतात. धुऱ्यावरून चालता चालता वाकून उपटतात, म्हणून त्यांचं बियाणं चार गावांत नेतात.

"शंभरात एखादा राहतेच," मामाजी म्हणाले. "माह्या शेतात हजारात."

"या कणीत कोटीत एकही नाही चालत. तो जर्मेनियम वितळवायचा, पुन्हा वितळवायचा, पुन्हा. प्रत्येक वेळी करगा एका टोकाला ढकलत न्यायचा. एक दाणा राहिला तरी बांधी फुकट."

मामाजी पुढे सरकले. "मंग?"

"मग तो शुद्ध झाला की आपण त्यात मोजून करगा टाकायचा. कोटीत एक."

मामाजींनी कणीवरून नजर उचलली.

"टाकाचा?" मामाजी म्हणाले. "साफ केलेल्या धानात?"

"हो."

"मुद्दाम?"

"त्याच्याशिवाय तो काम करत नाही, बाबा. साफ धान नुसतं पडून राहतं. तो एक करगा आहे म्हणून आवाज पुढे सरकतो."

"डोमा," मामाजी मित्राकडे वळले, "ऐकून राहिलास? माहा पोरगा करगा पेरते." पण त्यांचा आवाज वेगळा झाला होता. त्यांनी कणी बोटाने हलवली. "कोटीत एक. आन हे मोजते कोन?"

"तेच शिकायचंय. तेच त्या संस्थेचं काम आहे."

"पन्नास वर्सं झाली, मले हजाराच्या पुढं नाही जाता आलं," मामाजी म्हणाले. ते हे कोणालाच उद्देशून म्हणाले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडून काड्यापेटी मागून घेतली, कणी तीत ठेवली, ती आपल्या कमरेला खोचली आणि उठले. "खांब रोवाले मानसं भेटतात. तू जा तिकडं."

माधव पिकदाणी ठेवायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

चार वाजता, खळं

गावाला काय सांगायचं हा प्रश्न उरला होता. वीस-पंचवीस माणसं पुंजण्याच्या सावलीत येऊन बसली होती. मी भाषणाला उठणार तोच मामाजींनी मला हाताने खाली बसवलं.

"ते यंत्र मी खाल्लं," त्यांनी जाहीर केलं.

कोणी हसलं नाही. मामाजींनी आजवर खोटं सांगितलेलं नव्हतं. डोमाकाका सगळं पाहून आले होते, तरी त्यांनी माधवच्या हातातलं कानाला लावायचं यंत्र उचललं, कानाला लावलं आणि त्याची तार मामाजींच्या पोटाला टेकवली. डोळे मिटले.

"काही येऊन राहिलं का?" कोणीतरी विचारलं.

"भजन आहे वाटते," डोमाकाका म्हणाले. "पन कोहळ्याचं."

मग खळं हसलं. मामाजीही हसले, आणि डावीकडची रिकामी जागा सगळ्या गावाने पाहिली. माधव हसता हसता आंब्याला टेकला. आत्याबाई लांबून त्याच्याकडेच बघत होत्या.

परत

निघताना मामाजींनी माधवच्या हाती चिन्नोरच्या बियाण्याचं एक छोटं गाठोडं दिलं. "यात मी करगा टाकला आहे. कुसळं चोळून काढली, वरून नाही दिसत. तुही नजर कोटीची आहे तं शोधून कळवजो."

गोंदिया स्टेशनवर संस्थेला होकाराचं पत्र टाकायचं होतं. मी हात पुढे केला. "दे, मी पेटीत टाकतो."

"नको भाऊजी," माधव म्हणाला आणि पत्र स्वतः टाकलं. छत्री मात्र तो डोमाकाकांच्या बंडीत विसरला. आठवी.

नागपूर येईपर्यंत तो वर्तमानपत्रावर बियाणं पसरून एकेक दाणा निवडत होता. मला सगळे दाणे सारखे दिसत होते. सुमन म्हणाली, तुम्हाला सगळ्या लवंगाही सारख्याच दिसतात. दुसऱ्या दिवशी मी चष्म्याचा नंबर काढून आलो.

दोन महिन्यांनी माधवचं कार्ड दक्षिणेतून दवनीवाड्याला गेलं. त्या वेळी सुमन माहेरी होती, म्हणून मला हे कळलं. खोली मिळाली आहे, भट्टी बसते आहे, असं त्याने लिहिलं होतं आणि खाली एक ओळ होती: "बाबा, करगा सापडला. नऊ रविवार लागले."

मामाजींनी ते कार्ड सुमनकडून दोनदा वाचून घेतलं. कमरेची काड्यापेटी चाचपली आणि म्हणाले, "त्याले लिव. चांगलं झालं म्हनावं." मग थोडं थांबून म्हणाले, "आन हेही लिव, की मी दोन टाकले होते."